बिनसाखळीच्या गाडीचं तेल

ज्योतीराम काटकर मिस्त्रीला नाक होतं, पण ते शोभेपुरतं. लढाईच्या काळात इजिप्तच्या वाळवंटातल्या लष्करी वर्कशॉपमध्ये त्याला तपकिरीची सवय लागली आणि माणदेशात परत येईपर्यंत त्या नाकातून वास ही गोष्ट कायमची रजेवर गेली. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. गाडी ही ऐकायची आणि चाचपायची वस्तू आहे, हुंगायला ती काय आंबा हाय का, असं तो म्हणे. या एका वाक्यात त्याच्या पुढच्या आयुष्याचा निकाल होता. पण बोलताना माणसाला हे कळत नाही, आणि कळत नाही म्हणूनच जगात एवढं बोललं जातं.

लढाई संपल्यावर देहूरोडच्या डेपोत लष्करातल्या जुन्या मालाचे लिलाव होत. चिंचवडचे उद्धवराव, दगड-विटांचे कंत्राटदार, तिथं तंबूचं कापड घ्यायला गेले आणि कापडाच्या ढिगाखाली एक मोटारसायकल निघाली म्हणून तीही घेऊन आले. ती मूळची इंग्रजांची, की इंग्रजांनी शत्रूकडून पळवलेली, यावर चिंचवडात दोन पक्ष पडले. दोन्ही पक्षांना गाडीतलं काहीच कळत नसल्यामुळे वाद बरीच वर्षं टिकला. एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. गाडीला साखळी नव्हती.

साखळीच्या जागी इंजिनाकडून मागच्या चाकाकडं एक जाड नळी गेली होती. नळीच्या पोटात पोलादी दांडा फिरे. दांड्याच्या टोकाला मळसूत्रासारखे आटे होते, आणि चाकाशेजारच्या बंद डब्यात ते आटे एका दातेरी चक्राला रेटत. हे चक्र गनमेटलचं, म्हणजे दिसायला पितळेचंच. सगळा कारभार झाकलेला. साखळीची सायकल पाहिलेल्या माणसाला काय कशाला ओढतं हे निदान दिसतं तरी. इथं पुढं इंजिन फटफटे आणि मागं चाक श्रद्धेनं फिरे.

लिलावातून आल्यावर ही गाडी दोनेक पावसाळे उद्धवरावांच्या वाडग्यात कोंबड्यांच्या ताब्यात होती. ज्योतीराम तेव्हा पोटासाठी चिंचवडात आला होता आणि उद्धवरावांच्या कामावर दगडाच्या पाट्या वाहत होता. एक दिवस पाणी प्यायला वाडग्यात शिरला, कोंबडी उडवली, नळीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मालक, ह्या जातीच्या मी तिकडं मिसरात उघडून बांधल्यात."

"चालंल का ही?"

"चालाया काय झालं तिला? आत त्याल न्हाई, म्हणून रुसलीया."

त्या दिवशी त्याच्या डोक्यावरची पाटी उतरली. बंगल्यामागं पत्र्याची एक खोली मिळाली, बायकोला, गवराबाईला, गावाहून आणता आलं, आणि 'मिस्त्री' ही पदवी मिळाली. उद्धवराव दिलदार होते. त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "गाडी चालती तोवर तू माझा, ज्योतीराम." हे प्रेमाचं वाक्य आहे की अट, याचा विचार त्या वेळी कुणी केला नाही. गवराबाईनं केला होता. पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

रविवारची सकाळ गाडीची. महिन्यातून एका रविवारी तेल बदलायचं. त्या दिवशी आधी ज्योतीराम निगडीच्या माळापर्यंत एक फेरी मारून येई, कारण तेल गरम झालं की पातळ होतं आणि काढताना तळाचा गाळ सोबत घेऊन येतं. मग अंगणातल्या एकाच सपाट फरशीवर गाडी सरळ उभी करायची. ती कलली की तेलाची पातळी खोटं बोलते. दांड्याच्या सांध्यात बोटानं ग्रीस भरायचं. डब्याच्या माथ्यावर श्वास घ्यायला एक बारीक भोक होतं, ते बाभळीच्या काट्यानं मोकळं करायचं. ते बुजलं तर आतली हवा तापून तेलाला बाहेर ढकलते. शेवटी डब्यात नवं तेल. तेही बुचाच्या भोकाच्या खालच्या आट्यापर्यंत, वर एक थेंब नाही. कमी पडलं तर दाते झिजतात, जास्त झालं तर तेल चाकात उतरून ब्रेकला लागतं. 'पोटभर' आणि 'काठोकाठ' यांतला हा फरक आपल्याकडं पंगतीतसुद्धा कुणाला पाळता आलेला नाही. ज्योतीराम डब्यापुरता तो पाळत होता.

काढलेलं तेल तो परातीत धरी. काळ्या तेलात उन्हाची तिरीप पडली की बारीक सोनेरी चुरा चमके. उद्धवरावांच्या पत्नी शालनबाई पहिल्यांदा ते पाहून ओसरीवरून उतरून आल्या होत्या.

"अगंबाई! सोनंच की हे!"

"सोनं न्हाई वैनीसाहेब. पितळ हाय. दाते झिजत्यात."

"तरी चमकतंय हो," शालनबाई म्हणाल्या. त्यांना खुलासा पटला नव्हता.

ज्योतीरामचा मेहुणा बिरू तिथंच बिडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "दाजी, तुमची गाडी तर सोनं हागाया लागली. आता काय, कळसाला जाणार आपुन!"

ज्योतीराम हसला नाही. तो चुरा म्हणजे चक्राचं वय होतं, आणि ते दर खेपेला परातीत थोडंथोडं उतरत होतं. तसलं दुसरं चक्र पुण्यात नव्हतं. मुंबईच्या चोरबाजारात त्यानं विचारून पाहिलं होतं. तिथं हत्तीचा दात मिळाला असता, हे दाते नाहीत. तेव्हा त्याचं काम एवढंच होतं, की जे संपणारच आहे ते सावकाश संपावं. वैद्यकीच्या धंद्यात यालाच उपचार म्हणतात आणि वैद्याला त्यासाठी मान असतो.

चक्रापेक्षा रोजचं दुखणं गळतीचं होतं. डब्यातून चाकाकडं जाणाऱ्या आसाभोवतीची चकती झिजली होती आणि तिथून तेल पाझरे. रोज सकाळी फरशीवर काळा डाग पडलेला असे. उद्धवराव चहाचा कप घेऊन यायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री, आज परत सर्दी?" ज्योतीरामनं लष्करी घोंगडीच्या नमद्याची चकती बसवली, रबराची बसवली, फाटक्या मोटेचं कातडं कापून बसवलं. सर्दी हटेना. दर रविवारी तेवढं तेल वर घालावं लागे. म्हणून त्यानं डब्याच्या बुचाला एक पितळी पंख डाखून घेतला. आता पान्याची गरज नव्हती. बूच दोन बोटांनी, एखाद्या अत्तराच्या कुपीचं असावं तसं, उघडे. या पंखाचा त्याला फार अभिमान होता.

मग दिवाळीनंतर एक चमत्कार झाला.

ज्योतीरामनं मोटेचंच कातडं मेणात उकळून, दोन पदरी चकती कापली आणि ठोकून बसवली. त्याच सुमाराला उद्धवरावांनी गाडीसाठी पत्र्याची शेड घातली आणि गाडी फरशीवरून शेडमधल्या मातीच्या जमिनीवर गेली. पुढच्या रविवारी ज्योतीरामनं बूच उघडून पातळी मोजायची तार बुडवली. तेल खालच्या आट्याला टेकलेलं होतं. त्यानं तार पुसून परत बुडवली. तेवढंच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच, आणि संक्रांतीपर्यंत तेच. डब्याची पातळी केसभरही हलली नाही.

त्याच्या चेहऱ्यावर तेव्हापासून एक प्रकारची शांतता आली. जो माणूस वर्षानुवर्षं हरत आला आहे तो एकदा जिंकला की त्याला शंका घ्यायची सवय उरत नाही. तेल बोटांवर घेतल्यावर त्याला ते जरा पातळ लागलं. "मुरलंय," तो म्हणाला. जमिनीवर डाग नव्हता, कारण शालनबाई दर शनिवारी शेड शेणानं सारवून घेऊ लागल्या होत्या. ज्योतीरामला तो गाडीचा मान वाटला. शनिवारी तो स्वतः तिथं नसेच. शनिवार मारुतीचा, त्या दिवशी उपास. तेल विकत घ्यायचं नाही, तेलाला हात लावायचा नाही, ही त्याच्या आईची शिकवण होती, आणि ती त्यानं इजिप्तातसुद्धा पाळून तिथल्या हवालदाराच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

आणि त्यानं दुसरीही एक गोष्ट केली. तेल बदलायचं बंद केलं.

बिरूनं विचारलं, "दाजी, हल्ली परात न्हाई दिसत? सोनं आटलं का?"

"वाहत्या जखमंची पट्टी बदलायची आसती," ज्योतीराम म्हणाला. "भरल्या जखमंची खपली कशाला काढायची?"

वाक्य चांगलं होतं. बिरूलासुद्धा पटलं.

त्या वर्षी पिंपरीच्या माळावर एक मोठा कारखाना उभा राहत होता. उद्धवरावांचेच दगड तिथं जात. बिरू आधी तिथं खड्डे खणायला गेला, मग खड्ड्यात काय बसवणार ते बघत थांबला आणि मुकादमाच्या कृपेनं हेल्पर झाला. त्याला खाकी कपडे मिळाले. तो ते घालून झोपायचासुद्धा. उन्हाळ्याच्या तोंडाला तो एका संध्याकाळी धावत ज्योतीरामच्या खोलीवर आला.

"दाजी, बुधवारी फिटरची भरती हाय. मुकादमानं तुमचं नाव घातलंय. सकाळी फाटकावर हुबं ऱ्हायाचं, आत एक साहेब कानस हातात देतोय, लोखंड घासून दावायचं. झालं काम. एकदाच नाव पुकारत्यात पर. न्हाई दिसला मानूस, की म्होरला."

गवराबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही, पण भाकरी मोठी मोठी होत गेली.

"बुधवारी?" ज्योतीराम म्हणाला. "बुधवारी तर मालकांना घेऊन खंडाळ्याला जायाचंय."

बेत असा होता. खंडाळ्याला एका पारशी शेटचा बंगला होता आणि शेट हवा खायला तिथं आला होता. मुंबई-पुणे रस्त्यावर पेट्रोलचे पंप देणं-न देणं त्याच्या हातात होतं. उद्धवरावांना चिंचवडला पंप हवा होता, आणि पंपाशेजारी मोटारसायकलींचं गॅरेज. गॅरेजचा हेडमिस्त्री ज्योतीराम. उद्धवरावांनी पाटीवर त्याचं नाव घालायचंही कबूल केलं होतं. आपण लष्करातली टाकून दिलेली गाडी चालवत खंडाळ्याला पोचलो, की शेटला वेगळं काही सांगावंच लागणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मात्र ज्योतीराम मागच्या सीटवर असल्याशिवाय ते आकुर्डीच्या पलीकडं गाडी नेत नसत.

"म्हंजे बुधवार येकच आन् जागा दोन," बिरू म्हणाला. "मालकाला सांगा, बिस्तरवारी जाऊ."

"शेट बिस्तरवारी मुंबईला जातोय."

"मग मालकाला सांगा, यष्टीनं जावा!"

"यष्टीनं गेल्यावर शेटला दावनार काय? तिकीट?"

आता गवराबाई बोलली. "मी काय म्हनते. कारखान्यात भोंगा वाजला की मानूस आत जातं आन् भोंगा वाजला की घरी येतं. मालकाची मर्जी काय भोंग्यावर चालत न्हाई."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला गाडीतलं न्हाई कळत. त्या डब्यावर आपली चूल हाय, येवढं कळतंय. उंद्या डबा मोडला म्हंजे?"

ज्योतीराम उठला. त्यानं खुंटीवरची तार काढली आणि तिच्यावर केलेली पातळीची खूण दोघांना दाखवली. "दिवाळीपास्नं ह्या खुनंच्या खाली आलं न्हाई त्याल. थेंबभर न्हाई. लढाईत साहेबलोकांना जमलं न्हाई ते ह्या हातानं केलंय. आजून धा वर्सं काही हुत न्हाई त्या डब्याला. कारखान्यात मी कोन? धाजनांतला अकरावा. हितं पाटीवर नाव हाय."

"पाटी अजून रंगवाया दिली न्हाई," गवराबाई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. ती बरीच मोठी झाली होती. कडा तव्याबाहेर लोंबू लागल्या.

बुधवारी सकाळी बिरू कारखान्याच्या फाटकाकडं गेला आणि ज्योतीराम खंडाळ्याकडं. गाडी छान चालली. निगडी मागं पडली, देहूरोडच्या डेपोसमोरून जाताना उद्धवरावांनी हॉर्न वाजवला. माहेरावरून जाताना मुलीनं हाक मारावी तसा तो ज्योतीरामला वाटला. वडगावला एक म्हैस आडवी आली तेव्हा उद्धवराव म्हणाले, "मिस्त्री, मागचा ब्रेक मऊ लागतोय रे."

"नवं लायनर हाय मालक. बसंल."

लायनर नवं नव्हतं. पण ज्या डब्यातून तेल गळत नाही त्या डब्याशेजारच्या ब्रेकला तेल लागणं शक्य नव्हतं, आणि जे शक्य नाही त्याचा विचार करणं मिस्त्रीच्या स्वभावात नव्हतं.

कामशेतच्या खिंडीचा चढ लागला तसा मागून एक बारीक आवाज सुरू झाला. कुणीतरी दूरवर जात्यावर बसावं तसा. ज्योतीराम ऐकायचा माणूस होता. त्याच्या पाठीचा कणा आधी ताठ झाला आणि मग डोक्याला कळलं. "मालक, थांबवा," तो म्हणाला. उद्धवरावांना वाटलं मिस्त्री 'थांबू नका' म्हणाला. त्यांनी मूठ पिळली. डब्यात खडखडाट झाला, ताटल्यांची मांडणी कोसळावी तसा, आणि एकदम सगळं शांत झालं. इंजिन जोरात ओरडत होतं, पण चाक ऐकत नव्हतं. गाडी चढावर थांबली आणि मग सावकाश, आब राखून, मागं घसरायला लागली.

दोघांनी ती कडेला लावली. उद्धवरावांनी घड्याळ पाहिलं, डब्याकडं पाहिलं, ज्योतीरामकडं पाहिलं नाही. खालून विटांची एक रिकामी लॉरी वर येत होती. ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा निघाला. ते पुढं चढून बसले. "तू हिला घेऊन ये," ते म्हणाले आणि लॉरी खिंडीपलीकडं गेली.

दुपार कलेपर्यंत ज्योतीराम तिथं बसून होता. पिंपरीच्या फाटकावर आता त्याचं नाव पुकारून झालं असेल, हे त्याच्या मनात आलं. पण ते जरा लांबचं दुःख होतं. जवळचं समोर उभं होतं. शेवटी कामशेतच्या बाजारातून रिकामी पोती घेऊन एक बैलगाडी आली. गाडीवान गेनबा वडगावकडचा शेतकरी होता. त्यानं बैल थांबवले आणि मोटारसायकलीभोवती एक फेरी मारली.

"कुठं तुटली साखळी?"

"साखळी न्हाई हिला."

"आँ? मग चालती कशी?"

"आता चालत न्हाई."

"तेच म्हन्तो मी," गेनबा म्हणाला. त्याचं समाधान झालं. "चला, टाका वर. आमच्या गाडीलाबी साखळी न्हाई, पर दोन बैल हायेत."

दोघांनी आणि रस्त्यानं जाणाऱ्या आणखी दोघांनी मिळून ती वर चढवली. मग ज्योतीरामला राहवेना. बैलगाडीत बसल्या बसल्या त्यानं बुचाचा पंख फिरवला आणि तार आत घातली. तारेला तेल आलं नाही. काकवीसारखं काळं, चिकट काहीतरी लोंबत आलं, आणि ते सगळंच्या सगळं चमकत होतं. इतकं सोनं परातीत कधीच निघालं नव्हतं. त्यानं चाक हातानं फिरवलं. फिरलं. आत काही नव्हतंच त्याला धरायला.

गेनबा कण्याला वंगण घालायला खाली उतरला होता. त्याच्या बैलगाडीच्या साटीखाली वंगणाची बांबूची नळी लोंबत होती. त्यातलं काळं तेल त्यानं चिंधीनं कण्याला चोपडलं. मग शेजारधर्म म्हणून तारेवरचं बोटावर घेतलं आणि नाकाशी नेलं.

"काय घालता राव तुमी ह्यात?"

"गाडीचं त्याल. जाड. पुण्याहून आनतो."

गेनबानं परत हुंगलं. "न्हाई वो. तिळाचं हाय हे. खवट झालंय, पर तिळाचंच. आमी शनिवारी देवाला वाहतो न्हाई का? दिव्यातबी घालत्यात. ह्यात वातीचं सूतबी हाय जनू." त्यानं खरोखरच एक काळा धागा ओढून काढला. "तुमाला वास न्हाई आला?"

ज्योतीरामनं तार पुसून घेतली. बैल चालू लागले. तिळाचं तेल पातळ, तापलं की चिकटतं आणि पोलादाखाली दात्यांना क्षणभरही झाकून धरत नाही, हे त्याला माहीत होतं. त्याला दुसरंही एक कळलं, आणि ते कळायला वडगावपर्यंतचा रस्ता पुरला. चकतीनं काही थांबवलं नव्हतं. डबा पहिल्यापासून गळतच होता. फक्त जेवढं गळेल तेवढं कुणीतरी भरत होतं.

चिंचवडला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. बैलगाडीतून मोटारसायकल उतरलेली पाहून शालनबाई धावत ओसरीवरून खाली आल्या. त्यांनी गाडीकडं पाहिलंच नाही.

"हे कुठायत? यांना काही लागलं नाही ना?"

"न्हाई वैनीसाहेब. मालक म्होरं गेलं खंडाळ्याला. लागलं न्हाई कुनाला. डबा गेला."

शालनबाईंनी डोळे मिटून हात जोडले. मग पदरानं डोळे पुसले आणि हसल्या. इतकं सुटल्यासारखं हसताना ज्योतीरामनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"ज्योतीराम, तुम्हाला सांगते आता. दिवाळीत जोशीबुवांनी यांची पत्रिका पाहिली. साडेसाती लागली, म्हणाले, आणि वाहनापासून जिवाला भय. शनिवारी लोखंडाला तेल वाहत जा, म्हणाले. आता शनीचं देऊळ जवळ कुठं आहे? म्हटलं, ज्या वाहनाचं भय त्याच लोखंडाला वाहावं. दर शनिवारी तुम्ही मारुतीला गेलात की आधी सारवायचं, मग दिवा लावायचा आणि त्यातलंच पळी-दोन पळ्या तेल. एकही शनिवार चुकवला नाही. आणि बघा! जिवावरचं होतं ते डब्यावर निभावलं."

ज्योतीरामच्या हातात अजून तार होती.

"आधी बाहेरूनच वाहत होते," शालनबाई म्हणाल्या. "पण ओघळून जायचं हो. मग तुमचं ते झाकण दिसलं. किती सोयीचं केलंत तुम्ही ते! नुसतं बोटानं उघडतं. लोखंडाच्या पोटातच जातं तेल."

यावर काय बोलायचं असतं? तुमच्या तेलानं डबा खाल्ला असं म्हणावं, तर बाईनं नवऱ्याचा जीव वाचवला होता, आणि नवरा जिवंत होता हा पुरावा होता. शिवाय मग हेही सांगावं लागलं असतं की मेणातल्या चकतीनं काहीच केलं नव्हतं. तेल बदललं असतं तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं. आणि न कळण्याचं कारण त्याचं स्वतःचं नाक आणि त्याची स्वतःची खपलीची म्हण होती. "बरं झालं वैनीसाहेब," तो म्हणाला, आणि गेनबाला पाणी द्यायला गेला.

उद्धवराव दुसऱ्या दिवशी परत आले ते खुशीत. लॉरीतून विटांच्या धुळीत माखून उतरलेला माणूस पाहून पारशी शेट म्हणाला होता, असा कष्टाळू कंत्राटदार मला पाहिजे. पंप मिळाला. मोटारसायकलीचा विषय निघालाच नाही. गॅरेजसाठी शेटचा स्वतःचा मिस्त्री होता, मुंबईचा. तो लॉऱ्या दुरुस्त करी.

"डब्याला काय झालं रे?" उद्धवरावांनी विचारलं.

"जुना झाला हुता मालक."

"मला वाटलंच," ते म्हणाले. "गाडी चालती तोवर" हे जुनं वाक्य त्यांनी काढलं नाही. ते दिलदार होते, त्यांनी ते मोठ्या मनानं विसरून टाकलं. खोली तशीच ठेवली आणि ज्योतीरामला दगडाच्या ढिगांवर राखण दिली. कधी माणूस कमी पडला तर पाटीही उचलायची. मिस्त्री हे नाव राहिलं. पंपाशेजारच्या पाटीवर पुढं शेटच्या माणसाचं नाव आलं, पण लोक ज्योतीरामला रस्त्यानं जाताना मिस्त्रीच म्हणत, आणि त्याचा कुणाला खर्च नव्हता.

बिरू म्हणाला, "दाजी, तिनदा पुकारलं तुमचं नाव. मुकादमानं मुद्दाम. मी वराडलो, येत्यात, येत्यात. मग साहेब म्हनला, हेल्पर, तू गप." पुढं कधी भरती निघाली तेव्हा तिला वयाची अट होती. ज्योतीरामचं वय त्याच्यासकट कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, पण साहेबानं चेहरा बघून ते ठरवलं आणि ते अटीच्या पलीकडचं निघालं.

कारखाना सुरू झाला. भोंगा चिंचवडपर्यंत ऐकू येई. सकाळी तो वाजला की गवराबाई चुलीशी बसल्या बसल्या मान वर करी आणि संध्याकाळी वाजला की परत करी. ज्योतीराम ढिगावर बसलेलाच असे. तिनं त्याला एका शब्दानं कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं तो एकदा बिरूजवळ म्हणाला.

मोटारसायकल शेडमध्येच आहे. विकत कुणी घेत नाही, आणि शालनबाई विकू देत नाहीत. साडेसातीची बरीच वर्षं बाकी आहेत, आणि एकदा गुण आलेला उपाय सोडायचा नसतो. शनिवारी ज्योतीराम मारुतीला जातो. मागं शेड सारवली जाते, दिवा लागतो, पळीभर तेल डब्यात पडतं. शेजारच्या दोघी-तिघीही हल्ली येऊन पळी देतात. एकीचा मुलगा कारखान्यात लागावा म्हणून, तिला तर खात्रीच आहे.

रविवारी सकाळी ज्योतीराम शेडमध्ये जातो. गाडी सरळ उभी करतो. बाभळीच्या काट्यानं वरचं भोक मोकळं करतो. मग पंख फिरवून बूच उघडतो आणि जास्तीचं तेल चिंधीनं टिपून घेतो, बरोबर खालच्या आट्यापर्यंत, त्यावर एक थेंब नाही. शेवटी मागचं चाक एकदा हातानं फिरवतो, म्हणजे तेल आतून सगळीकडं पोचावं.

चाक छान फिरतं. कितीही फिरवा, आत कुठं काही अडतच नाही.